राजपित्याची भूमिका : दावीद–अबशालोम आणि शिवाजी–संभाजी या कथनांचा तौलनिक विचार

प्राचीन इस्राएलच्या राजघराण्याचा इतिहास प्रामुख्याने ‘शमुवेल’ आणि ‘राजे’ या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आला आहे. त्यातील दावीद राजा आणि त्याचा बंडखोर पुत्र अबशालोम यांची कथा मराठी वाचकाला अगदीच अपरिचित आहे असे नाही. ‘पवित्र शास्त्रा’च्या मराठी भाषांतरांतून ती दोनशे वर्षांपासून आपल्याकडे आहे. तथापि मराठी समीक्षेने ती धर्मग्रंथातील कथा म्हणून बाजूला ठेवली. राजघराण्याचे कथन म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले. दुसरीकडे छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या संबंधांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे आणि अद्याप होत आहे. ही दोन कथने शेजारी ठेवून वाचली असता राजघराण्याच्या इतिहासलेखनात ‘पिता’ या भूमिकेचे काय होते, हे अधिक स्पष्टपणे दिसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तुलना दोन व्यक्तींची नाही, हे प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे. दावीदाच्या चरित्रातील बथशेबा आणि उरिया यांच्या प्रकरणासारखे काहीही शिवचरित्रात नाही. तुलना आहे ती दोन परंपरांतील कथनकारांची. राजा झालेला पिता आणि त्याच्यापासून दुरावलेला थोरला पुत्र यांची हकिकत सांगताना त्यांनी दोष कोणाच्या पदरी घातला, तो पुढे कोणाच्या पदरी सरकला आणि का सरकला, एवढाच येथील प्रश्न आहे.

वेशीवरचा पिता

दावीदाच्या घरातील अनर्थाचा आरंभ बंडाने होत नाही. तो मौनाने होतो. थोरला पुत्र अम्नोन हा आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. राजाला हे कळते, तो संतप्त होतो, आणि काहीही करीत नाही. कथनकार राजाच्या संतापाची नोंद एका वाक्यात करून पुढे जातो. त्या वाक्यानंतर जी कृती यायला हवी होती ती येतच नाही, आणि संपूर्ण कथानक त्या न आलेल्या कृतीच्या पोकळीतून वाढते. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे गप्प राहतो. मेंढरांच्या लोकर-कातरणीच्या उत्सवाचे निमित्त साधून तो अम्नोनाची हत्या घडवितो आणि गशूर येथे आपल्या आजोळी पळून जातो. गशूरचा राजा तलमय हा त्याच्या आईचा पिता. पित्याने राजकारणासाठी केलेला विवाहसंबंध पुत्राला पळून जाण्याची वाट उपलब्ध करून देतो, ही गोष्ट कथनकार ठळकपणे सांगत नाही. पण ती कथेत आहे.

तीन वर्षांनी सेनापती यवाब याच्या खटपटीने अबशालोम परत येतो. परंतु राजा त्याला आपले तोंड पाहू देत नाही. यरुशलेमसारख्या त्या काळच्या लहानशा नगरात पिता आणि पुत्र दोन वर्षे एकमेकांना न भेटता राहतात. या दोन वर्षांना कथेत फार मोठे स्थान आहे असे माझे मत आहे. हद्दपारीत निदान अंतर असते. येथे क्षमा जाहीर झाली आहे, पण भेट नाही. राजाने आपला निर्णय दिला, पित्याने तो दिला नाही. अखेर अबशालोमाला यवाबाचे लक्ष वेधण्यासाठी त्याचे जवाचे शेत पेटवून द्यावे लागते, तेव्हा कोठे भेट घडते. राजा पुत्राचे चुंबन घेतो. पण या प्रसंगात तो ‘राजा’च आहे. कथनकार तेथे ‘पिता’ हा शब्द वापरीत नाही.

पुढची हकिकत परिचित आहे. अबशालोम नगराच्या वेशीपाशी उभा राहून न्याय मागावयास आलेल्या लोकांना आपलेसे करतो. नवस फेडण्याचे कारण सांगून हेब्रोनला जातो आणि तेथे स्वतःला राजा म्हणवितो. वृद्ध दावीद अनवाणी पायांनी, रडत, जैतुनांच्या डोंगराचा चढ चढून राजधानी सोडतो. एफ्राईमच्या वनातील लढाईस सैन्य निघते, तेव्हा सेनापतींना दिलेली त्याची शेवटची आज्ञा विजयाविषयी नसते. त्या तरुणाला माझ्यासाठी सांभाळून घ्या, अशी ती असते. खेचरावरून जाताना ओक वृक्षाच्या फांद्यांत डोके अडकून लोंबकळणाऱ्या अबशालोमाला यवाब ठार करतो. वेशीत बसलेला राजा धावत आलेल्या दूतांना लढाईचा निकाल विचारीत नाही, मुलाची खुशाली विचारतो. मृत्यूचे वृत्त कळल्यावर तो वेशीवरच्या खोलीत जाऊन जो आक्रोश करतो, त्यात पुत्राचे नाव आणि ‘माझ्या पुत्रा’ हे संबोधन यांखेरीज फारसे काही नाही. विजयी सैन्य पराभूतासारखे चोरपावलांनी नगरात शिरते. मग यवाब आत जाऊन राजाला खडे बोल सुनावतो आणि राजा उठून पुन्हा वेशीत येऊन बसतो.

वेस हे या कथनातील मध्यवर्ती स्थळ आहे. वेशीतच अबशालोमाने पित्याचा न्यायाधिकार हिरावला, वेशीतच पित्याने त्याच्या मृत्यूची बातमी ऐकली आणि वेशीतच शोक गिळून तो पुन्हा राजा झाला. एवढ्या थोड्या सामग्रीतून राजधर्म आणि पितृत्व यांचा विरोध इतका नेमका उभा करणारे गद्य प्राचीन वाङ्मयात विरळा आहे. विशेष म्हणजे या विरोधात कथनकार पित्याला सूट देत नाही. ‘राजे’ या ग्रंथाच्या आरंभी अदोनीया हा आणखी एक पुत्र सिंहासनावर हक्क सांगू लागतो, तेव्हा राजाने या मुलाला त्याच्या वागण्याचा जाब आयुष्यात कधीही विचारला नव्हता, असा शेरा तो सहज मारून जातो. बंड करणारे पुत्र दोन. पण बोट पित्याच्या न विचारलेल्या प्रश्नाकडे आहे.

परळीहून भूपाळगडाकडे

आता आपल्या भूमीकडे वळू. संभाजी महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड वर्षाचा भूगोल हा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा आहे, ही गोष्ट या परिसरात अध्यापन करणाऱ्यांनी विसरू नये. कर्नाटक मोहिमेहून परतल्यानंतर शिवाजी महाराजांनी युवराजांना परळीस, म्हणजे सज्जनगडावर, समर्थांच्या सान्निध्यात ठेवले. कृष्णास्नानाचे निमित्त करून ते माहुलीच्या संगमाकडे निघाले आणि तेथून १३ डिसेंबर १६७८ रोजी मोगल सरदार दिलेरखानाच्या आश्रयास गेले, असा वृत्तांत आहे. हेब्रोनचा नवस आणि माहुलीचे स्नान यांतील साम्य योगायोगाचे असेल. परंतु पित्याच्या दृष्टीआड जाण्यासाठी धर्मकृत्याखेरीज दुसरे निर्विवाद कारण राजपुत्राजवळ नसते, एवढे त्यातून नक्की दिसते.

एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला, त्या वेळी युवराज त्याच्या सैन्यात होते. हा भूपाळगड म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यामधील बाणूरगड. किल्ला पडल्यावर सातशे कैद्यांचा एकेक हात तोडण्यात आला. स्वराज्याचा वारस शत्रूच्या छावणीत असताना स्वराज्याच्या शिबंदीची ही अवस्था झाली. गडावर आज फारसे अवशेष उरलेले नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो असता एकाने विचारले, ‘सर, महाराजांनी त्यांना बरोबर न नेता परळीला का ठेवलं?’ प्रश्न साधा होता, आणि तो पित्याविषयीचा होता. आपल्या पाठ्यपुस्तकी मांडणीत तो विचारला जात नाही, म्हणून माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते.

त्या प्रश्नाने मागे जाता येते. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. दोन-सव्वादोन वर्षांचे असताना मातोश्री सईबाई वारल्या. १६६५ साली पुरंदरचा तह झाला, तेव्हा आठ वर्षांच्या या मुलाच्या नावे पाच हजारी मनसब घेण्यात आली. तहाची पूर्तता होईपर्यंत त्यांना मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत राहावे लागले. पुढच्याच वर्षी आग्रा. तेथून सुटल्यावर महाराजांनी पुत्राला मथुरेत मागे ठेवले आणि तो वाटेत मृत्यू पावल्याचे वृत्त पसरविले. नऊ वर्षांच्या मुलाच्या जिवाच्या रक्षणासाठी त्याच्या मरणाची बातमी पित्याला स्वतःच पसरवावी लागली. त्यात चूक काहीच नव्हती. त्या युक्तीनेच मूल वाचले. त्यानंतर मोगलांशी पुन्हा तह झाला, तेव्हा हा मुलगा मनसबदार म्हणून औरंगाबादेसही जाऊन आला.

या घटनांचा क्रम लावला की एक गोष्ट ध्यानात येते. १६६५ साली पुरंदराला वेढा घालणारा जो दिलेरखान, त्याच्याच छावणीत १६७८ साली संभाजीराजे गेले. मोगलांचा तंबू त्यांना अनोळखी नव्हता. बालपणी पित्याच्या राजकारणाने ज्या दारातून त्यांना दोनदा-तीनदा नेले होते, तेच दार त्यांनी एकविसाव्या वर्षी स्वतः ठोठावले. याने त्या कृत्याचे समर्थन होत नाही. भूपाळगडचे सातशे हात कोणत्याही समर्थनाच्या आड येतात. परंतु गशूरच्या आजोळासारखेच हे दारही पित्याने राज्यासाठी उघडलेले होते. राजाचा पुत्र हा राज्याच्या साधनसामग्रीचा एक भाग असतो. जामीन म्हणून तो देता येतो, तहात लिहिता येतो. पुढे तोच पुत्र स्वतःच्या हिशेबाने वागू लागला की इतिहास दचकतो.

शिवाजी महाराज स्वतः पुत्र म्हणून कसे वागले, हेही येथे आठवावे. १६४८ साली शहाजीराजे कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी महाराजांनी नुकताच मिळविलेला कोंढाणा परत केला. दावीदानेही शौलाच्या पाठलागात स्वतः रानोमाळ भटकत असताना आपल्या वृद्ध आईबापांना मवाबच्या राजाकडे सुरक्षित ठेवले होते. त्यानंतर त्याचा पिता इशाय कथेतून जवळजवळ दिसेनासाच होतो. दोघेही दूर राहिलेल्या पित्यांचे कर्तव्यतत्पर पुत्र होते. पित्याचे सान्निध्य ज्याला फारसे लाभले नाही त्याने पित्याची भूमिका कशी वठवावी, याचा वस्तुपाठ दोघांजवळही नव्हता.

संभाजीराजे डिसेंबर १६७९ मध्ये दिलेरखानाच्या छावणीतून निसटून पन्हाळ्यास आले. जानेवारी १६८० मध्ये महाराज तेथे गेले आणि पितापुत्रांची भेट झाली. ती शेवटचीच ठरली. युवराज पन्हाळ्यावरच राहिले. मार्चमध्ये रायगडावर राजारामांचा विवाह झाला, त्यास ते नव्हते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हाही ते नव्हते. क्षमा झालेली, पण राजधानीचे दार न उघडलेले, अशा या तीन महिन्यांना यरुशलेममधील अबशालोमाच्या दोन वर्षांशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की येथे पिता आधी गेला. दावीदाला पुत्रशोक करावा लागला. महाराजांना तो करावा लागला नाही. त्यामुळे मराठी परंपरेला वेशीवरच्या आक्रोशासारखा प्रसंग उपलब्ध झाला नाही. तो पुढे नाटककाराला कल्पनेने भरून काढावा लागला.

धाकट्या भावाच्या दरबारातील लेखणी

जर्मन अभ्यासक लिओनहार्ट रोस्ट यांनी १९२६ साली एक महत्त्वाचे प्रतिपादन केले. दुसऱ्या शमुवेलातील नवव्या ते विसाव्या अध्यायापर्यंतचा भाग आणि पहिल्या राजांचे पहिले दोन अध्याय मिळून एक स्वतंत्र कथन होते. दावीदाच्या सिंहासनावर कोण बसणार हा त्याचा विषय, आणि शलमोनाचा वारसा सिद्ध करणे हा त्याचा हेतू, असे ते प्रतिपादन होते. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले. कथनात दावीदाच्या घरावर इतकी टीका आहे की ते दरबाराची तरफदारी करण्यासाठी लिहिले असेल का, हा आक्षेप वजनदार आहे. १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या इसवी सनपूर्व नवव्या शतकातील शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख मिळाल्याने घराण्याच्या अस्तित्वाला बाह्य पुरावा लाभला; घरातील हकिकतीला अर्थातच नाही. तरी रोस्ट यांच्या मांडणीतील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. थोरल्या बंडखोर पुत्राची कथा धाकट्या सावत्र भावाच्या काळात आणि त्याच्या सावलीत लिहिली गेली असावी, ही ती गोष्ट.

कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर नेमकी अशीच आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना, १६९७ च्या सुमारास, त्यांच्याच आज्ञेवरून ती लिहिली गेली. राजाराम महाराज हे काही भावाचे राज्य हिरावून बसलेले नव्हते, हा भेद लक्षात ठेवूनही स्थितीचे साम्य नजरेत भरते. मग सभासदाने थोरल्या भावाचे काय केले? पन्हाळ्याच्या भेटीचा त्याने रंगविलेला प्रसंग पाहावा. महाराज पुत्राला रागे भरत नाहीत. राज्याची वाटणी सुचवितात : तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंतचे एक राज्य, तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंतचे दुसरे. पुत्र उत्तर देतो की आपण दूधभात खाऊन पित्याच्या चरणांचे चिंतन करीत राहू. हा संवाद शब्दशः घडला की नाही, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. समीक्षकाने एवढेच पाहावे की या प्रसंगात पिता बोलतो, विचारतो, पर्याय ठेवतो. दावीदाने जे केले नाही ते सभासदाचा पिता करतो. आणि पुत्राच्या तोंडी बंडखोराची भाषा नाही. घरी परतलेल्या मुलाची आहे. दूधभात हा शब्द दरबारातला नाही, माजघरातला आहे. सभासदाच्या लेखणीतून तो निसटून गेला असेल, पण त्या एका शब्दाने राजा क्षणभर बाप होतो.

यानंतर दोन्ही परंपरांत पुनर्लेखन झाले, आणि माझ्या मते खरा प्रश्न तेथे सुरू होतो. ‘इतिहास’ या नावाने ओळखले जाणारे बायबलमधील ग्रंथ शमुवेलाच्या सामग्रीवरच, पण बऱ्याच उत्तरकाळी रचले गेले. त्यांत दावीद हा मंदिराचा नकाशा शलमोनाच्या हाती ठेवणारा, त्यासाठी सोने-रूपे साठविणारा आदर्श पिता आहे. बथशेबाचे प्रकरण नाही, तामार नाही, अबशालोमाचे बंड नाही. अबशालोमाचे नाव पुत्रांच्या यादीत येते तेवढेच. पिता निर्दोष व्हावा म्हणून पुत्र कथेतून नाहीसा झाला.

मराठीत हे काम साताऱ्यात झाले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साताऱ्याच्या छत्रपतींच्या आश्रयाने मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. १६८१ साली संभाजी महाराजांनी ज्यांना देहदंड दिला त्या बाळाजी आवजी चिटणीसांचे हे वंशज. बखरीतील संभाजी-चित्र कमालीचे काळे आहे, आणि त्यामागे घराण्याचा हा जुना सल असावा असे इतिहाससंशोधकांनी म्हटले आहे. ते खरेच आहे. परंतु पुरेसे नाही. शंभर वर्षांत शिवाजी महाराज अवतारी पुरुष झाले होते. अवतारी पुरुषाच्या घरात कलह असेल तर त्याचे कारण पुत्राच्या स्वभावातच असले पाहिजे, हे ओघाने आले. चिटणिसांच्या खाजगी वैराला परंपरेच्या या गरजेची साथ मिळाली, म्हणून ते चित्र दीडशे वर्षे टिकले. गडकऱ्यांचे १९१९ साली अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्याच चित्रावर उभे आहे. इस्राएलच्या उत्तरकालीन इतिहासकाराने पुत्राला गाळले, आपल्या बखरकाराने त्याला खलनायक केले. पित्याच्या निर्दोषत्वाची किंमत मात्र दोन्हीकडे पुत्रानेच मोजली.

(साताऱ्याच्या गादीवर पितृत्वाची आणखी एक कहाणी घडली, तिचा केवळ उल्लेख करतो. १७४९ नंतर ही गादी दत्तकविधानांवर चालली. १८४८ साली आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने अमान्य केला आणि राज्य खालसा झाले. राजाचा पुत्र कोण, हे ठरविण्याचा अधिकार शेवटी कंपनीने आपल्याकडे घेतला. विषय मोठा आहे. स्वतंत्र लेखाचा आहे.)

कानेटकरांचा शिवाजी

१९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढे १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. या दोहोंच्या दरम्यान, १९६२ साली, वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक रंगभूमीवर आले. कानेटकर सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. उच्च शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात. रविकिरण मंडळातील कवी गिरीश हे त्यांचे वडील. चरित्रावरून कलाकृतीचा अर्थ लावण्याचा मोह टाळावा हे खरे. तरी नामवंत पित्याच्या पुत्राने लिहिलेले हे नाटक आहे, ही गोष्ट मनातून जात नाही.

ऐतिहासिक नाटकाच्या प्रदीर्घ परंपरेत शिवाजी महाराज प्रामुख्याने दरबारात, रणांगणावर किंवा भवानीपुढे उभे राहिले होते. कानेटकरांनी त्यांना घरात आणून बसविले. मास्टर दत्ताराम यांनी साकारलेला थकलेला पिता आणि काशिनाथ घाणेकर यांचा धुमसणारा संभाजी यांच्या आठवणी जुने प्रेक्षक अद्याप सांगतात. त्यात कौतुक बहुधा घाणेकरांच्या वाट्याला अधिक येते. नाटकाचे खरे धाडस मात्र पित्याच्या भूमिकेत आहे. राज्य उभारताना सर्वांना ओळखणाऱ्या राजाला आपल्या मुलाची ओळख पटलेली नाही, आणि हे त्याला उशिरा कळते आहे, अशी ही भूमिका आहे. बखरींनी जो प्रश्न विचारला नव्हता तो कानेटकरांनी विचारला. त्या अर्थाने त्यांचा शिवाजी शमुवेलातील दावीदाच्या सर्वांत जवळ जातो.

परंतु किती जवळ? येथे माझा मतभेद आहे. नाटकात पित्याची वेदना भरपूर आहे, पित्याची जबाबदारी तितकी नाही. घरातील दुहीचा भार सोयराबाईंची महत्त्वाकांक्षा आणि कारभाऱ्यांचे डावपेच यांच्यावर पडतो. पुत्राला निर्दोष करावयाचे, पिता तर निर्दोष आहेच, मग दोषाला तिसरे घर शोधावे लागते. ते सावत्र आईच्या आणि मुत्सद्द्यांच्या रूपाने मिळते. ‘इथे ओशाळला मृत्यू’ या १९६८ च्या नाटकात तर पिता नाहीच, पुत्राचे बलिदान आहे. १९७९ ची ‘छावा’ कादंबरी आणि २०२५ साली तीवर आलेला चित्रपट यांनी पुत्राच्या गौरवाची ही वाट अधिक रुंद केली. चिटणिसांच्या अन्यायाचे हे परिमार्जन आवश्यकच होते. पण त्यात भूपाळगडाची कैफियत कोणी मांडावी? आता ती कोणाच्याच सोयीची राहिलेली नाही.

शमुवेलाच्या कथनकाराला असे तिसरे घर शोधावे लागले नाही. त्याच्याजवळ नाथान संदेष्टा होता, जो राजाच्या तोंडावर सांगतो की या घरातून तलवार आता हलणार नाही, आणि त्याचे कारण तूच आहेस. राजाच्या ईश्वरनिष्ठेविषयी संशय नसतानाही त्याच्या पितृत्वाची झडती घेता येते, हे त्या परंपरेला तीन हजार वर्षांमागे मान्य होते. आपल्याकडे समर्थांचे म्हणून प्रसिद्ध असलेले संभाजी महाराजांना लिहिलेले पद्यपत्र आहे. त्यात नव्या राजाला पित्याचे स्मरण ठेवण्यास सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र पित्याला उद्देशून लिहिलेले, पुत्राविषयीचे पत्र आपल्या वाङ्मयात नाही. पदवी वर्गात ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ शिकविताना सभासदाचा पन्हाळ्याचा प्रसंग आणि दुसऱ्या शमुवेलाचे तेरा ते एकोणीस अध्याय विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर ही उणीव त्यांना आपोआप जाणवते असा माझा अनुभव आहे. भावना दुखावतील या भीतीने आपण अध्यापक हे करीत नाही. विद्यार्थी मात्र बाणूरगडावर तो प्रश्न विचारतातच.

शेवटी पुत्रांच्या स्वतःच्या शब्दांविषयी. अबशालोमाचे स्वतःचे म्हणून एकही लेखन नाही. आपले नाव चालविण्यास पुत्र नाही म्हणून त्याने जिवंतपणीच राजाच्या खोऱ्यात एक स्तंभ उभारला, एवढी नोंद आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र त्याला तीन पुत्र होते असेही म्हटले आहे, आणि ही विसंगती कोणी दुरुस्त केलेली नाही. संभाजी महाराजांच्या नावे ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याच्या आरंभी आजोबा शहाजीराजे आणि पिता शिवाजी महाराज यांची स्तुती आहे. राजनीतीवरच्या ग्रंथात पूर्वजस्तुती ही रूढीच होय. तरी मोगलांच्या छावणीत जाऊन आलेल्या पुत्राची म्हणून ती वाचली की रूढ विशेषणेही निराळी वाटू लागतात. त्यांचा पुत्र शाहू पित्याच्या वधानंतर सहाव्या-सातव्या वर्षी औरंगजेबाच्या छावणीत गेला आणि १७०७ मध्ये सुटून आला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्याचा राज्याभिषेक झाला. १७४९ साली तो वारला. त्याची समाधी माहुलीच्या संगमावर आहे.